नंबर मी वाचला होता

शाळेतून निवृत्त झाले त्या वर्षी मी सिनेमा काढायला घेतला, आणि सेनगावात जो भेटेल तो मला एकच विचारायचा, ‘मॅडम, आता हे काहून?’ मी सांगायचे, हौस. तीस वर्षं मराठी शिकवली, दर गॅदरिंगला नाटक बसवलं, त्यामुळे हौस लोकांना पटायची. खरं कारण कोणालाच माहीत नव्हतं. माझ्या नवऱ्यालाही नाही.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मला दहावीच्या परीक्षेत पर्यवेक्षक म्हणून नेमलं होतं. इंग्रजीचा पेपर होता. त्या काळी आमच्याकडे इंग्रजीच्या नि गणिताच्या पेपरला शाळेच्या मागच्या भिंतीवर माणसं चढून बसायची. कोणी भाऊ, कोणी मामा, कोणी नुसतीच मजा बघायला आलेली. खिडकीतून कागद आत यायचे. त्या दिवशीही एक आला, दगडाला गुंडाळलेलं गाईडचं पान. शेवटच्या बाकापाशी पडलं. मी उचललं, दगड सोडवून खिडकीबाहेर टाकला, पान चुरगळून टाकणार तेवढ्यात भरारी पथक दारात उभं. पथकातल्या साहेबांनी माझ्या हाताकडे बघून विचारलं, ‘कोणाकडं सापडलं?’

कोणाकडेच नाही, खिडकीतून आलं. एवढं बोलायला किती वेळ लागतो? पण माझी नोकरी कायम झालेली नव्हती. एका केंद्रावर खोलीत कॉपी सापडली म्हणून तिथल्या शिक्षकाला नोटीस मिळाल्याचं आदल्याच दिवशी ऐकलं होतं. मी शेवटच्या बाकाकडे पाहिलं. तिथं एक बारीक अंगाची मुलगी बसली होती. ती उठून उभी राहिली आणि म्हणाली, ‘मॅडम, माझं न्हाई.’ साहेबांनी तिची उत्तरपत्रिका काढून घेतली, तिला बाहेर नेलं. मी उरलेला पेपर संपेपर्यंत बाकांमधून फिरत राहिले. ती मेंढरं राखणाऱ्या घरातली, तिच्या वस्तीतून दहावीपर्यंत आलेली पहिलीच मुलगी, हे मला नंतर शिपायाकडून कळलं. ती पुन्हा परीक्षेला बसली नाही हेही त्याच्याकडूनच कळलं. पुढच्या वर्षी माझी नोकरी कायम झाली.

निवृत्त झाल्यावर मी हेच लिहायला बसले. लिहून झालं तेव्हा ते पटकथेसारखं दिसायला लागलं, कारण मला दुसरं काही लिहिता येत नव्हतं. वही घेऊन मी हिंगोलीला एका स्टुडिओवाल्या भाईंकडे गेले. त्यांच्या वडिलांनी माझ्या लग्नाचे फोटो काढले होते. हे भाई आता लग्नाची शूटिंग करतात, आमची गॅदरिंगही त्यांनीच शूट केलेली. चातुर्मास चालू होता, मुहूर्त नव्हते, कॅमेरे रिकामे होते. भाईंनी दुकानातच बसून वही वाचली. मध्ये दोन गिऱ्हाईकं पासपोर्ट फोटो काढून गेली. मग त्यांनी वही मिटली.

‘मॅडम, एक बात विचारू? हे खरं घडलेलं हाय ना?’

‘काहून?’

‘खोलीतलं सगळं बराबर दिसून राहिलं. दगड, पान, दारातले साहेब. बाकीचं सगळं पिक्चरसारखं हाय.’

बाकीचं म्हणजे मी रचलेलं. माझ्या वहीत हेडमास्तर दारातून डोळ्यांनी खुणावतात, शिक्षिका रडत रडत त्या मुलीकडे बघते. शेवटी तीच मुलगी मोठी अधिकारी होऊन गावात येते आणि शिक्षिकेच्या पाया पडते. लिहिताना मला ते फार उदात्त वाटलं होतं. भाईंच्या दुकानात, ट्यूबलाईटच्या उजेडात, मला लाज वाटली. मी त्यांना खरं काय ते सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा कोणाला तरी सांगितलं.

भाईंनी फडक्यानं लेन्स पुसायला घेतली. ती स्वच्छच होती.

‘ती पोरगी कुठं हाय आता?’

‘माहीत नाही.’

‘मग आदी ते पाहा. तिला न विचारता तिची इज्जत पडद्यावर मांडायची न्हाई, मॅडम. तोवर मी कॅमेरा उचलनार न्हाई.’

मी तिला शोधायला निघाले. शाळेतल्या जुन्या कागदांत मला कोणी शिरू देईना, म्हणून मी कळमनुरीचा बाजार धरला. शेळ्या-मेंढ्यांच्या बाजारात मेंढरंवाल्यांची सगळी घरं एकमेकांना ओळखतात. पहिल्या बाजाराला हाती काही लागलं नाही. दुसऱ्या बाजाराला एका व्यापाऱ्यानं वस्तीचं नाव नि ‘दहावीपर्यंत शिकलेली पहिली मुलगी’ एवढं ऐकून मान डोलावली. ‘त्या म्हाताऱ्याची लेक न्हाई का? कनेरगाव नाक्याला हाय ती. नवरा-बायकोचा ढाबा हाय.’

ढाबा लहानसा होता. पत्र्याचं छप्पर, समोर चार बाजा, मागं दोन शेळ्या बांधलेल्या. मी बसमधून उतरले तेव्हा दुपारची गर्दी होती, ट्रकवाले जेवत होते. चुलीपुढे एक चाळिशी ओलांडलेली बाई भाकरी थापत होती. नवरा वाढत होता. मी कडेच्या बाजेवर बसून राहिले. गर्दी सरल्यावर ती हात पुसत आली. पाण्याचा तांब्या ठेवला आणि म्हणाली, ‘बसमधून उतरतानाच वळखलं मी तुमाला, मॅडम. जेवता का?’

मी जेवले. नाही म्हणायची हिंमत झाली नाही. मग तिला वही दिली आणि कशासाठी आले ते सांगितलं. ती समोरच्या बाजेवर मांडी घालून बसली आणि वाचू लागली. भराभर वाचत होती. शेवटच्या पानावर, अधिकारी होऊन पाया पडते तिथं, ती मोठ्यानं हसली. नवऱ्याला हाक मारून म्हणाली, ‘पाहा, मी कलेक्टर झाली.’ मग पानं उलटून मागं आली.

‘हे हेडमास्तर कोन? त्या खोलीत तं कोनी हेडमास्तर नव्हते.’

‘नव्हते,’ मी म्हणाले.

‘मंग कशाला लिवले?’

तिनं बोट पुढच्या ओळीवर ठेवलं.

‘आनी इथं तुमी लिवलं की मॅडम नुसतं पाहतात. नुसतं न्हाई पाह्यलं तुमी. माझा नंबर वाचला. बाकावर खडूनं लिवलेला होता ना, तो. साहेब लिवून घेत होते. एक आकडा त्यांना ऐकू न्हाई आला, तं तुमी पुन्हा वाचला.’

असं झालं नव्हतं म्हणायला मी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. कारण ती बोलत असतानाच मला तो बाक दिसला. खडूचा आकडा कोणाच्या तरी कोपरानं अर्धा पुसलेला होता, आणि तो नीट वाचता यावा म्हणून मी खाली वाकले होते. एवढी सगळी वर्षं मी स्वतःला सांगत आले होते की मी फक्त पाहिलं, बाकीचं साहेबांनी केलं. मी तर वाकून, काळजीपूर्वक, दोनदा वाचला होता.

‘माझं चुकलं,’ मी म्हणाले. ‘मला तेच सांगायचं होतं.’

‘ते मला सांगून काय फायदा?’ तिचा आवाज चढला नव्हता. ‘मला तं पहिल्यापासून माहीत हाय, पान कुठून आलं ते. ज्याला माहीत न्हाई त्याला सांगा.’

‘कोणाला?’

‘माझ्या बाला. तो आजबी म्हनतो, पोरीनं कापी केली, शाळेनं हाकललं, म्हून मी लगीन लावून देलं. मी दोन-चार वर्षं सांगून पाह्यलं. मंग सोडून देलं. तुमी त्याला सांगा, मंग काढा पिक्चर. पन हेडमास्तर न्हाई पाहिजेत त्याच्यात.’

निघताना मला वाटलं, आपण तिच्यासाठी काहीतरी करावं. मी म्हणाले की सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी देता येते, सगळं मी बघते, शिकवायलाही येते.

‘तुमच्या समाधानासाठी परीक्षा देऊ का मी?’

मी बस पकडली.

रविवारी तिनं मला तिच्या माहेरी नेलं. नाक्यापासून जीपनं आत, मग तुरीतून पायवाट. वस्तीच्या टोकाला तिचे वडील मेंढीला दोन्ही गुडघ्यांत धरून तिचा खूर साफ करत होते. आमच्या आवाजानं त्यांनी मान वर केली. लेकीनं सांगितलं, ‘बा, ह्या शाळेच्या मॅडम.’ म्हातारा धडपडत उठला, मला बसायला बाज ओढली, त्यावर घोंगडी टाकली. इतक्या वर्षांनीही मास्तरणीसाठी घोंगडी. मी बाजेवर न बसता खाली, त्यांच्यासमोर बसले आणि सांगितलं. खिडकी, दगड, पान, साहेब, नंबर. काही गाळलं नाही.

‘पुन्हा सांगा,’ ते म्हणाले.

मी पुन्हा सांगितलं.

‘मंग तवाच काहून न्हाई सांगितलं?’

‘भीत होते, मामा. नोकरी जाईल म्हणून.’

ते मेंढीच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. ‘मास्तरीन खोटं बोलंल असं वाटलं न्हाई,’ ते म्हणाले. ‘पोरगी बोलंल असं वाटलं.’

लेक जरा लांब, कुडाला टेकून उभी होती. म्हातारा तिच्याकडे वळला.

‘तू सांगत होती.’

‘व्हय.’

‘मी मारलं तुला.’

‘व्हय, बा.’

त्यांनी मेंढी सोडून दिली. ती कळपात पळाली. मग मला म्हणाले, ‘तुमी जा आता.’ रागानं नाही, घरातल्या माणसाशी बोलायचं राहिलंय आणि परकं माणूस समोर आहे, तसं म्हणाले. लेक तिथंच थांबली. मी एकटी तुरीतून चालत रस्त्याला आले. जीपमध्ये बसताना माझं एक ठरलं होतं. आता हे अर्ध्यावर सोडायचं नाही.

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. ते जेवता जेवता थांबले. म्हणाले, ‘झालं गेलं. आता चव्हाट्यावर मांडून काय होणार? आपल्या मुलीच्या सासरी काय म्हणतील?’ मी म्हणाले, ‘जे म्हणायचं ते म्हणू द्या. सिनेमा होणार.’ दोन दिवस ते माझ्याशी मोजकं बोलले. मी तेवढ्यात वही पुन्हा लिहिली. हेडमास्तर काढले, अधिकारी काढली, शिक्षिकेचं रडणं काढलं. वही निम्म्यानं बारीक झाली. भाईंनी वाचली आणि म्हणाले, ‘आता कॅमेरा कुठं लावायचा ते कळून राहिलं.’

आमच्या शाळेनं खोली दिली नाही. ज्या संस्थेत मी आयुष्य घालवलं तिथल्या मुख्याध्यापकांनी, जे माझेच विद्यार्थी, मला चहा दिला आणि सांगितलं, ‘मॅडम, शाळेचं नाव खराब होईल.’ मी म्हटलं, शाळेचं नाव सिनेमात नाहीच. ते म्हणाले, ‘लोकांना कळतं.’ मग मी जवळच्या एका गावात बंद पडलेल्या बालवाडीची खोली मिळवली. तिथं धान्याची पोती होती. सरपंच बाईंनी ती हलवून दिली. बाक एका बंद झालेल्या क्लासमधून आणायचे होते. त्या दिवशी सकाळी पाहिलं तर माझे यजमान टेम्पोवाल्याशेजारी बसलेले. ‘बाक नीट बांधायला माणूस लागतो,’ एवढंच म्हणाले.

पहिल्याच दिवशी भाई खिडकीपाशी जाऊन कपाळाला हात लावून उभे राहिले. बाहेर गुडघ्याएवढं सोयाबीन, हिरवंगार. ‘मार्चमदी एवढं हिरवं कुठून आनायचं, मॅडम?’ मग त्यांनी कॅमेरा जमिनीलगत लावला, खिडकीत नुसतं आभाळ येईल असा. आभाळात ढग आले की आम्ही थांबायचो. लाईट गेली की थांबायचो. मागच्या रस्त्यानं ट्रॅक्टर गेला की आवाजासाठी थांबायचो. परीक्षेला बसलेली पोरं गावातलीच, सुट्टीच्या दिवशी आलेली. दोन तास गप्प बसणं त्यांना खऱ्या परीक्षेपेक्षा अवघड गेलं. दुपारी आम्ही सगळे पिठलं-भाकरी खायचो आणि पुन्हा बसायचो. दगडाला गुंडाळलेलं पान खिडकीतून नेमकं बाकापाशी पडावं म्हणून सगळ्यांनी फेकून पाहिलं. कोणाचा नेम बसेना. शेवटी मी बाहेर सोयाबीनमध्ये उभी राहून फेकलं, तेव्हा ते बसलं.

शिक्षिकेचं काम एक अंगणवाडी सेविका करत होती. हुशार बाई, पण नंबर वाचायचा प्रसंग आला की तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. मी सांगून थकले की रडायचं नाही. ती म्हणायची, ‘मॅडम, एवढं वाईट करताना कोनाला रडू कसं येनार न्हाई?’

त्या प्रसंगाच्या दिवशी ढाब्यावरची ती आली. मी बोलावलं नव्हतं, भाईंनी फोन केला होता. ती पोरांमधून थेट शेवटच्या बाकापाशी गेली. आम्ही तिथं कसलातरी नंबर लिहिला होता. तिनं तो पदरानं पुसला, खडू मागितला, आणि स्वतःचा नंबर लिहिला. न अडखळता. मग अंगठ्यानं मधला एक आकडा थोडा पुसला. ‘असा होता,’ म्हणाली. सेविकेला म्हणाली, ‘ताई, तुमी रडू नका. पुसलेला आकडा बराबर वाचायचा एवढंच ध्यानात ठेवा. मॅडमला तेवढंच दिसत होतं.’

ती माझ्याविषयी बोलत होती आणि मी तिच्या शेजारी उभी होते. सेविका बाकापाशी वाकली, डोळे बारीक केले आणि नंबर वाचला. बाजारात पिशवीवरचा भाव वाचावा तसा. साहेब झालेल्या गावच्या पोस्टमननं विचारलं, ‘काय?’ तिनं पुन्हा वाचला. भाईंनी कॅमेरा बंद केला. ढाब्यावरची ती म्हणाली, ‘बराबर,’ आणि तीनच्या जीपनं नाक्याला परत गेली, कारण संध्याकाळच्या भाकरी करायच्या होत्या.

सिनेमा पाऊण तासाचा झाला. आम्ही तो दोन-तीन महोत्सवांना पाठवला, कुठं निवड झाली नाही. भाईंना वाईट वाटलं. मला फार नाही. पहिला खेळ आम्ही तिच्या माहेरच्या गावात केला, समाजमंदिरात, दुपारी, खिडक्यांना ताडपत्र्या लावून. बायका लेकरं घेऊन आल्या. तिचे वडील पुढच्या रांगेत, फेटा बांधून, लेकीच्या शेजारी बसले होते. पडद्यावर मुलगी म्हणाली, ‘मॅडम, माझं न्हाई,’ तेव्हा म्हातारा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, ‘खरं बोलून राहिली ती.’

सिनेमा संपला, ताडपत्र्या निघाल्या. मागून एका बाईनं विचारलं, ‘ती मास्तरीन कोन? खरी हाय का कुठं?’ मी उभी राहिले. ‘मी आहे,’ मी म्हणाले, ‘आणि ती मुलगी इथंच बसली आहे. तिनं कॉपी केली नव्हती. पान खिडकीतून आलं होतं, मला माहीत होतं.’ समाजमंदिरात कुजबुज झाली. एक जण उठून निघून गेला. एक म्हातारी मला म्हणाली, ‘लई उशीर केला, बाई.’ मी हो म्हणाले. बाहेर ढाब्यावरची ती चपला घालत होती. मी तिला पुढच्या खेळांना येणार का विचारलं. ‘न्हाई मॅडम. माझं काम झालं. पुढचं तुमचं तुमी पाहा,’ ती म्हणाली, आणि वडिलांचा हात धरून उतरणीनं खाली गेली.

पुढचं मी पाहते आहे. भाई आणि मी लॅपटॉप नि पडदा घेऊन शाळाशाळांतून जातो. मुलांना दाखवतो, पण त्याआधी शिक्षकांना, आणि दर खेळाच्या शेवटी मी उभी राहून सांगते की ती मास्तरीण मीच. परवा एका शाळेत सगळं मांडून झालं होतं, शिक्षक येऊन बसले होते. तिथले मुख्याध्यापक मला बाजूला घेऊन म्हणाले, ‘मॅडम, पिक्चर दाखवा, छान आहे. शेवटी तुम्ही बोलता ते मात्र नको. आमच्या लोकांना अवघडल्यासारखं होतं.’

‘मग पिक्चरही नको,’ मी म्हणाले. भाई पडदा गुंडाळू लागले. आम्ही वायरी काढत होतो तेव्हा मागच्या रांगेतून एक मध्यमवयीन शिक्षक उठले. ‘सर, मॅडमना बोलू द्या,’ ते मुख्याध्यापकांना म्हणाले. त्यांचा चेहरा उतरलेला होता. ‘मला ऐकायचं आहे.’ मुख्याध्यापक पुढच्या रांगेत जाऊन बसले. भाईंनी माझ्याकडे पाहिलं, आणि पडदा पुन्हा लावला.